जुना ट्रॅक्टर एका अंगाला ओढतो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आखाजी (अक्षय्य तृतीया) जवळ आली की आमच्या खानदेशातल्या गॅरेजसमोर जुन्या ट्रॅक्टरांची रांग लागते. नांगरट उरकलेली असते, पाऊस लांब असतो, सालदाराचं (वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचं) साल बदलतं आणि नवा गडी चक्र (स्टेअरिंग) हातात घेतल्या घेतल्या मालकाला सांगतो, "ट्रॅक्टर एक अंगले वढस." जुन्या गड्याला त्याची सवय झालेली असते, म्हणून तो वर्षभर बोललेला नसतो. दरवर्षी तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. हे सगळं साध्या, मागच्या चाकांवर चालणाऱ्या जुन्या ट्रॅक्टरांबद्दल आहे. फोर-व्हीलची गोष्ट निराळी.

ओढतो, भरकटतो आणि चक्र ढिलं आहे, हे सगळं एकच ना?

नाही, आणि इथेच निम्मा घोळ होतो. हात सैल सोडला की ट्रॅक्टर दरवेळी एकाच बाजूला जात असेल तर तो ओढतो. कधी डावीकडे, कधी उजवीकडे, आणि तुम्ही सारखं चक्र हलवून त्याला वाटेवर आणताय, तर तो भरकटतो. चक्र बरंच फिरवल्याशिवाय चाकं हलतच नाहीत, ती ढिलाई.

ओढण्याचं कारण बहुधा एका बाजूला असतं: कमी हवा, धरलेला ब्रेक, वाकलेला भाग, तिरका झालेला एक्सल. भरकटण्याचं कारण झीज, आणि ती सहसा एका जागी नसते. चार जागी थोडी थोडी मिळून चक्रावर वीतभर होते. म्हणून मिस्त्रीकडे जाताना "स्टेअरिंग खराब आहे" एवढंच सांगू नका. काय होतं, कधी होतं, रिकाम्याला होतं की ट्रॉली लावल्यावर, तेही सांगा.

रस्त्यावर डावीकडे जातो, शेतात नाही. का?

रस्ता मध्ये फुगीर आणि कडेला उतरता असतो, पाणी वाहून जावं म्हणून. आपण डाव्या बाजूने चालतो, तेव्हा ट्रॅक्टर थोडा डावीकडे जाणारच. त्यात दोष नाही.

खात्री करायची तर सपाट जागा हवी. बाजार समितीचं आवार पहाटे रिकामं असतं, नाहीतर जिनिंगसमोरची मोकळी जागा. सरळ चालवत न्या, मग वळवून त्याच वाटेने परत या. जाताना तुमच्या डाव्या हाताला गेला आणि येतानाही तुमच्या डाव्याच हाताला गेला, तर ट्रॅक्टरमध्ये दोष. जाताना डावीकडे आणि येताना उजवीकडे गेला, तर जमिनीचा उतार. स्टेअरिंग बॉक्स (चक्राखालची गिअरची पेटी) खोलायची गरज नाही, घरी जाऊन चहा प्या.

तपासणी कुठून सुरू करायची?

हवेपासून. लोक हसतात, पण मी स्वतः यात हात पोळून घेतलाय. गॅरेज टाकलं त्या वर्षी गिरणाकाठच्या एका नानांचा ट्रॅक्टर आला. डावीकडे इतका ओढायचा की नाना उजवा खांदा दाबत दाबत उतरले. मी थेट स्टेअरिंग बॉक्स खोलला, दोन दिवस घालवले, बेअरिंगं बदलली. ट्रॅक्टर गेला आणि तसाच ओढत परत आला. तेव्हा गेज लावलं. उजव्या पुढच्या चाकात तीस पौंड, डाव्यात अठरा. वॉल्व्हमधून बारीक गळत होतं. नानांनी पैसे दिले, एक शब्द बोलले नाहीत, तेच जास्त लागलं.

पुढच्या सहा-सोळा मापाच्या टायरला साधारण पंचवीस ते तीस पौंड हवा चालते. नेमका आकडा तुमच्या मॉडेलच्या पुस्तकात आणि टायरच्या कडेवर असतो. आकड्याइतकंच महत्त्व दोन्ही बाजू सारख्या असण्याला आहे. कमी हवेचं टायर जमिनीला जास्त चिकटतं आणि ट्रॅक्टर त्या बाजूला जातो. बुटाने लाथ मारून हवा कळत नाही, गेजच लागतं.

आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो. लिंबाखाली उभ्या ट्रॅक्टरचं एक चाक सावलीत आणि दुसरं उन्हात असेल, तरी गेजवर फरक दिसतो. सकाळी, चालवण्याआधी, टायर गार असताना मोजा.

मागच्या चाकांचा काही संबंध असतो का?

असतो, आणि तो कोणी बघत नाही. बरेच जण वजनासाठी मागच्या ट्यूबमध्ये पाणी भरतात. मग एका बाजूचं पंक्चर होतं, पंक्चरवाला पाणी सोडून देतो आणि नुसती हवा भरून देतो. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला हवा. ट्रॅक्टर झुकतो आणि दोष मात्र स्टेअरिंगला. पंक्चर काढल्यावर पाणी पुन्हा भरलं का, हे विचारा.

नांगरटीत उजवं चाक तासात चालतं, म्हणून काही ट्रॅक्टरांचं उजवं टायर आधी घासतं. घेरातला फरक डिफरन्शिअल (मागच्या दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारे गिअर) बऱ्यापैकी गिळून टाकतं, त्याने फार ओढत नाही. पण डिफ-लॉकचं (डिफरन्शिअल बांधून टाकणाऱ्या लॉकचं) पायडल चिखलाने अडकून लॉक लागलेलंच राहिलं, तर दोन्ही चाकं एकाच गतीने फिरतात. मग तोच फरक ट्रॅक्टरला जोरात ढकलतो आणि वळताना तर तो वळायलाच मागत नाही. काळ्या जमिनीत पावसाळ्यानंतर ते पायडल आणि त्याची स्प्रिंग एकदा धुऊन बघा.

ब्रेक मारला की ओढतो. हे स्टेअरिंगचं आहे का?

नाही, ते ब्रेकचं. ट्रॅक्टरला पुढे ब्रेक नसतात. मागच्या दोन चाकांना वेगवेगळे असतात आणि दोन पायडलं असतात. एक जास्त धरतो, ट्रॅक्टर त्या बाजूला फिरतो. दोन्ही पायडलांची मोकळी चाल सारखी करून घ्या आणि रस्त्यावर दोघांची कडी लावलेलीच ठेवा. कडी न लावता महामार्गावर जाणारे मी रोज बघतो. जळगाव-भुसावळ रस्त्यावर एका ब्रेकवर पाय पडला तर काय होईल, ते वेगळं सांगायला नको.

ब्रेक न मारताही एका बाजूला ओढत असेल, तर ब्रेक धरून राहिलाय का ते बघा. पाच-सात किलोमीटर चालवून आणा, उतरा आणि दोन्ही बाजूंच्या ब्रेकच्या डब्यावर पाण्याचे चार थेंब टाका. एका बाजूचं पाणी चर्रकन उडालं आणि दुसऱ्या बाजूचं तसंच ओघळलं, तर दोष सापडला. थेट हात लावू नका.

चक्रात ढिलाई आहे. ती नेमकी कुठे आहे, हे कसं ओळखायचं?

याला दोन माणसं लागतात आणि एकही पाना लागत नाही. ट्रॅक्टर बंद, चाकं सरळ आणि जमिनीवर. जॅक लावायचा नाही, कारण जमिनीने चाकं धरून ठेवली तरच ढिलाई उघडी पडते. एकाने सीटवर बसून चक्र थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे, सारखं हलवत राहायचं. फिरवायचं नाही, नुसतं डुलवायचं.

दुसऱ्याने खाली बसून चक्राकडून चाकाकडे, एकेक जोड तळहाताने धरत जायचं. आधी बॉक्समधून बाहेर येणारा दांडा आणि त्यावर बसवलेला लोंबता आर्म, म्हणजे ड्रॉप आर्म. दांडा फिरतोय पण आर्म मागून येतोय, तर आर्मच्या आतले दाते किंवा नट ढिला. मग ड्रॅगलिंकचं (ड्रॉप आर्मपासून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याचं) मागचं टोक, पुढचं टोक. तिथे बॉलजॉइंट असतो, म्हणजे गोळा आणि तो बसतो ती वाटी, तिला आम्ही कप्पी म्हणतो. तो इतका जवळून धरा की अंगठा अर्धा कप्पीवर आणि अर्धा दांड्यावर राहील. चांगल्या जोडात दोन्ही एकत्र हलतात. झिजलेल्यात अंगठ्याखाली आधी एक हलतं, मग "टक" करून दुसरं. डोळ्याला दिसत नाही ते अंगठ्याला लगेच कळतं. शेवटी टायरॉडची (दोन्ही पुढची चाकं जोडणाऱ्या दांड्याची) दोन्ही टोकं आणि चाकाच्या मागचे आर्म. काही जुन्या मॉडेलांत टायरॉड नसतो, बॉक्सच्या दोन्ही अंगांना एकेक ड्रॅगलिंक असते. तिथे दोन्ही बाजू बघाव्या लागतात.

जिथे टक लागेल तिथे खडूने खूण करा. सगळं बघून झाल्यावर खुणा मोजा. तीन-चार निघतात. त्यातली एकच दुरुस्त करून "अजून ढिलंच आहे" म्हणू नका.

चक्राच्या कडेला दोन-तीन बोटं मोकळी चाल जुन्या ट्रॅक्टरला मी खपवून घेतो. वीतभर असेल तर रस्त्यावर आणू नये.

किंगपिन (चाक जिच्यावर वळतं ती उभी पिन) गेली की चाकाचं बेअरिंग ढिलं आहे, यातला फरक कसा कळतो?

आता जॅक लावा. मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड, हँडब्रेक ओढलेला, पुढचा एक्सल मधून उचललेला आणि खाली घोडी (लोखंडी स्टँड) लावलेली. नुसत्या जॅकवर ठेवून खाली हात घालू नका.

चाक वरून आणि खालून धरा, एक हात आत ढकला, दुसरा बाहेर ओढा. हललं तर चाकाच्या आतल्या बाजूला बघायला दुसऱ्याला सांगा. चाक हलतंय पण त्याच्या मागचा स्टब (चाक ज्यावर बसतं तो आखूड दांडा) स्थिर आहे, तर हबचं बेअरिंग. स्टबसकट सगळंच एक्सलच्या नळीत हलतंय, तर किंगपिन किंवा तिचे बुश. चाक डावीकडून आणि उजवीकडून धरून हललं तर बहुधा टायरॉड किंवा त्याचे जोड.

बेअरिंग नुसतं ढिलं असेल तर काम सोपं. हबची टोपी काढा, स्प्लिट पिन काढा, चाक फिरवत फिरवत नट घट्ट करा, मग किंचित सैल करून जवळच्या खाचेत नवी पिन घाला. जुनी पिन सरळ करून परत घालू नका. नाल्यातून, तापीच्या बाजूच्या ओलीतून जाणाऱ्या ट्रॅक्टरांच्या हबमध्ये पाणी शिरतं आणि ग्रीस दुधासारखं पांढरट होतं. तसं दिसलं तर नट आवळून भागत नाही. धुवायचं, बेअरिंग बघायचं, नवं ग्रीस भरायचं, सीलही बदलायचं.

किंगपिनचं मूळ दुखणं ग्रीस न मिळणं हेच. निप्पल (ग्रीस भरायचं तोंड) चिखलाने बंद झालेलं असतं, गडी ग्रीसगन लावतो, ग्रीस बाहेरच सांडतं आणि काम झालं असं वाटतं. आत गेलेल्या बारीक काळ्या मातीचं आणि जुन्या ग्रीसचं मिश्रण हळूहळू घासत राहतं. ग्रीस मारताना वरून-खालून जुनं काळं ग्रीस बाहेर आलं पाहिजे. येत नसेल तर निप्पल काढून साफ करा किंवा नवं बसवा, चार पैशांची वस्तू आहे.

चाकांचा टो-इन (पुढची चाकं समोरून किंचित आत वळलेली असणं) घरी मोजता येतो का?

येतो, खडू, टेप आणि सपाट जागा असली की झालं. पण आधी वरची ढिलाई काढा. ढिल्या टायरॉडवर मोजलेला टो-इन दर तासाला बदलतो.

चाकं सरळ करा. दोन्ही पुढच्या टायरांच्या समोरच्या बाजूला, हबच्या उंचीवर, मधल्या पट्टीवर खडूची खूण करा आणि त्यांच्यातलं अंतर मोजा. मग ट्रॅक्टर पुढे ढकला, त्याच खुणा अर्धा फेरा मारून मागच्या बाजूला त्याच उंचीवर येईपर्यंत. पुन्हा मोजा. पुढचं अंतर मागच्यापेक्षा थोडं कमी हवं. किती कमी, ते मॉडेलच्या पुस्तकात असतं. हा काही मिलिमीटरांचाच मामला आहे, बोटाच्या जाडीएवढा फरक आला तर नक्की चुकलंय. पुढचं अंतर जास्त आलं तर ट्रॅक्टर भरकटणार आणि पुढच्या टायरांच्या पट्ट्या एका कडेने धारदार होणार. टायरवर हात फिरवून बघा, एका दिशेला गुळगुळीत आणि उलट दिशेला बोट अडकत असेल, तर तीच खूण.

टो-इन चुकला म्हणून ट्रॅक्टर सहसा एकाच बाजूला ओढत नाही, हे लक्षात ठेवा. ओढण्याचं कारण दुसरीकडे शोधा.

कपाशीसाठी पुढच्या चाकांची रुंदी बदलली, तेव्हापासून ओढतो.

ही आपल्या भागातली खास तक्रार. सरकत्या एक्सलला दोन्ही बाजूंना भोकं असतात. डावीकडे दोन भोकं सरकवलं आणि उजवीकडे एकच, तर ट्रॅक्टरचं नाक मधोमध राहत नाही. त्याबरोबर टायरॉडही तेवढाच वाढवायचा असतो. तो राहिला तर टो-इन पार बिघडतो. दोन्हीकडची भोकं मोजा, बोल्ट पूर्ण घुसलेत का बघा. घाईत एकच बोल्ट लावून कोळपणीला गेलेले ट्रॅक्टर मी पाहिलेत.

एक्सल वाकलाय का, हे कसं बघायचं?

दोरीने. एका बाजूच्या मागच्या चाकाच्या मध्यापासून त्याच बाजूच्या पुढच्या हबच्या मध्यापर्यंत दोरी ताणा, गाठ मारा, मग दुसऱ्या बाजूला तीच दोरी लावून बघा. चाकं सरळ हवीत. दोन्ही बाजूंना अंतर सारखं नसेल तर एक्सल तिरका झालाय. बांधावरून उतरताना किंवा उन्हाळ्यात काळ्या जमिनीच्या भेगेत चाक अडकून असा मार बसतो. मधल्या सेंटर पिनचा बुश झिजला असेल तर एक्सल पुढे-मागे सरकतो. पुढचा भाग जॅकवर असताना दोन्ही हातांनी एक्सल पुढे-मागे ढकलून बघा, लगेच कळतं.

मिस्त्री म्हणतो, बॉक्सवरचा स्क्रू आवळला की झालं. खरं आहे का?

अर्धवट. बऱ्याच जुन्या बॉक्सवर लॉकनट असलेला स्क्रू असतो आणि त्याने आतल्या दात्यांमधली जागा कमी होते. पण तो शेवटचा उपाय, पहिला नाही. जोड झिजलेले असताना स्क्रू आवळला की बॉक्स जड होतो आणि ढिलाई तशीच राहते.

आवळायचाच असेल तर चाकं सरळ ठेवून आवळा. बॉक्सचे दाते मधल्या जागी सगळ्यात जास्त झिजतात, कारण आयुष्यभर ट्रॅक्टर सरळच चालतो. कडेला ते कमी झिजलेले असतात. मध्यभागी जास्त आवळलात तर पूर्ण वळवल्यावर चक्र अडकतं, आणि वळणात अडकलेलं चक्र सरळ करता येत नाही. थोडं आवळा, पुढचा भाग उचलून चक्र एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून बघा, कुठेही जड लागता कामा नये. बॉक्समधलं तेलही बघा. बहुतेक जुन्या बॉक्सांत नव्वद नंबरचं गिअर ऑइल असतं. ते खालच्या सीलमधून गळून गेलेलं असतं आणि मालकाला पत्ता नसतो.

नंतर बसवलेलं पॉवर स्टेअरिंग आहे. चक्राची आरी (मधली दांडी) सरळ राहत नाही, हळूहळू फिरते. बिघडलंय का?

ज्यात चक्र आणि चाकं यांच्यात लोखंडी जोड नसतो, नुसतं तेल असतं, त्यात चक्राची जागा थोडी थोडी बदलत राहणं स्वाभाविक आहे. एका बाजूला वळायला चक्राचे जास्त फेरे लागतात आणि दुसऱ्या बाजूला कमी, हेही एकतर्फी दांड्याच्या सिलिंडरमध्ये असतंच. त्याला दोष समजून पैसे घालवू नका.

दोष केव्हा? चाकं पूर्ण एका बाजूला टेकल्यावरही चक्र जोर लावला की फिरतच राहतं, तेव्हा तेल आतल्या आत निसटतंय. सिलिंडरचं सील किंवा चक्राखालचं युनिट. ही परीक्षा दोन-तीन सेकंदांचीच, जास्त वेळ दाबून धरलं तर तेल तापतं. तेलावर फेस असेल तर हवा ओढतंय, टाकीकडून येणाऱ्या पाइपची क्लिप बघा. आणि पॉवर स्टेअरिंग झिजलेला बॉलजॉइंट बरा करत नाही, उलट हातापासून लपवतं. वरची तपासणी इथेही तेवढीच करायची.

ट्रॉली जोडली की भरकटतो, रिकामा असताना ठीक चालतो.

पुढचं वजन उचललं जातंय. दोन चाकी ट्रॉलीत माल पुढच्या बाजूला भरला की हुकवर भार येतो, ट्रॅक्टर मागून दबतो, पुढची चाकं जमिनीला नुसती शिवतात. सावदा-रावेरकडे केळीचे घड भरताना घाईत पुढेच रचतात, तेव्हा हे हमखास. माल ट्रॉलीच्या चाकांवर येईल असा भरा, पुढे वजनं लावा. हुक आणि त्याची पिन किती झिजली तेही बघा. ट्रॉलीची स्वतःची दोन चाकं वाकडी असतील तर ती शेपटीसारखी ट्रॅक्टरला हलवते.

नांगर लावला की एका बाजूला ओढतो.

तो नांगर ओढतोय, स्टेअरिंग नाही. नांगर मधोमध नाही, टॉप लिंक (नांगर जोडायचा वरचा दांडा) चुकलीय किंवा खालच्या बाहूंच्या साखळ्या एक घट्ट, एक सैल. नांगर काढून चालवा. ओढणं थांबलं तर विषय नांगराचा.

तुटलेला टायरॉड, ड्रॉप आर्म वेल्डिंग करून चालतो का?

नाही. टायरॉड, ड्रॅगलिंक, ड्रॉप आर्म, स्टब यांना मी वेल्डिंग करत नाही, आणि कोणी करून दिलं तर घेऊ नका. वेल्डिंगच्या बाजूचं लोखंड ठिसूळ होतं आणि पुढच्या वेळी ते न सांगता तुटतं. वाकलेला टायरॉड गरम करून सरळ केलेलाही नको.

जुन्या मॉडेलचे पार्ट मिळत नाहीत. काय करायचं?

एचएमटीचा ट्रॅक्टर कारखाना २०१६ मध्ये बंद करायचं ठरलं, तरी गावागावांत एचएमटी चालूच आहेत. महिंद्रा, मॅसी, स्वराज यांच्या जुन्या मॉडेलांचे बॉलजॉइंट आणि किंगपिन सेट धुळे-जळगावच्या दुकानांत सहसा मिळतात. न मिळाल्यास किंगपिनचे बुश चांगला टर्नर करून देतो, पण बुश बसवल्यावर त्याला रीमर मारून पिनच्या मापाला आणायला सांगा. बॉलजॉइंट मात्र नवाच घ्या. कप्पीत पातळ पत्रा घालून घट्ट केलेला जोड महिनाभरात पुन्हा उघडतो.

कोणत्या परिस्थितीत ट्रॅक्टर जागेवरून हलवूच नये?

बॉलजॉइंटचा गोळा कप्पीतून वर आलेला दिसतोय, कुठल्याही नटाची स्प्लिट पिन नाही, ड्रॉप आर्मचा नट हाताने फिरतोय, किंवा कुठल्याही आर्मवर केसासारखी भेग दिसतेय. यातलं एक जरी असेल तरी गॅरेजपर्यंतही चालवत आणू नका. मिस्त्रीला घरी बोलवा. मोटारसायकलवर पाने घेऊन आम्ही येतो, पेट्रोलचे पैसे तेवढे द्या.